तारखेला साडी नेसू की कुर्ता घालू?

प्रश्न : ताई, मॉड्युलर किचनवाल्याने आमच्याकडून 85 हजार ॲडव्हान्स घेतला, सात महिने झाले, एक ट्रॉलीसुद्धा बसवली नाही. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, वकील न लावता. पुढच्या आठवड्यात सुनावणीची पहिली तारीख आहे. सासूबाई म्हणतात कोर्ट म्हणजे कोर्ट, काठपदराची साडी नेस. नवरा म्हणतो एवढी नटून गेलीस तर त्यांना वाटेल हिला 85 हजारांचं काय पडलंय. माझ्याकडे ऑफिसचे जीन्स-कुर्ते आहेत ते चालतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालतील. पक्षकाराने काय घालायचं याचा काही नियम नाहीये, ना आयोगात ना कोर्टात. गंमत म्हणजे नियम आहे तो समोर बसणाऱ्यांना! ग्राहक आयोगाच्या विनियमांत लिहिलंय की अध्यक्ष आणि सदस्यांनी साधा, सौम्य पोशाख करायचा, भडक किंवा श्रीमंती दाखवणारे कपडे नकोत, जीन्स-टीशर्ट नको आणि हायकोर्टाच्या जजसारखा वेष करूनही बसायचं नाही. वकिलांनीही गाऊन घालायचा नाही. म्हणजे सामान्य माणसाला दडपण येऊ नये अशी ती जागा ठरवून केलीय, आणि आपण मात्र घरी साडीवरून भांडतोय.

तरी माझं मत विचाराल तर जीन्स नको, कुर्त्याखाली सलवार किंवा साधी पँट घाला. जीन्सवर कोणी आक्षेप घेईल म्हणून नाही हो, पण घेईल की काय हे तुमच्याच डोक्यात घोळत राहील, आणि त्या दिवशी डोक्यात फक्त पावत्यांच्या तारखा हव्यात. काठपदराचं म्हणाल तर रोज साडी नेसत असाल तर खुशाल नेसा, पण वर्षातून दोनदा नेसत असाल तर नको, कारण साडेदहापासून बाकावर बसायचं, पुकारा झाला की फाइल सावरत उठायचं, बाकाला कुठे खिळा वर आलेला असतो त्यात पदर अडकतो, मग ऐन वेळी निऱ्या सांभाळू की इन्व्हॉइस दाखवू असं होतं. सासूबाईंना सांगा निकाल लागला की नेसेन.

एक मात्र टाळा, पांढरा कुर्ता आणि त्यावर काळं जॅकेट. सभ्य दिसावं म्हणून लोक हमखास पांढरा-काळा घालून येतात, आणि मग दिवसभर येणारा-जाणारा विचारतो, मॅडम नोटरी कुठे बसतात? एकदा तर एका पक्षकाराला समोरच्याच पार्टीने आपला ज्युनिअर वकील समजून सगळी केस सांगितली होती :) त्याचा फायदा झाला म्हणा, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

आणि नवऱ्याला सांगा, साध्या ड्रेसने 85 हजार परत मिळत नाहीत. ॲडव्हान्सची पावती, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवर त्याने दिलेल्या तारखांचे प्रिंटआउट, हे एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावा. (5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही हे तुम्हाला माहीत असेलच.)

प्रश्न : आमची गिरगावात पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली, खोली आहे. मालकाने स्वतःला जागा हवी म्हणून धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात (भाड्याच्या जागांचे दावे चालतात तिथे) दावा लावलाय. वडिलांची साक्ष आहे, वय 74. ते कायम पांढरा लेंगा-शर्ट आणि गांधी टोपी घालतात. शेजारचे काका म्हणतात जुना विटका शर्ट घालून न्या, दया येईल. आणि टोपी काढायला लागेल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : काकांना कोर्टाच्या बाहेरच ठेवा.

त्यांच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला कळतं. मालक स्वतःच्या गरजेसाठी जागा मागतो तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे कोर्टाला हेही बघावं लागतं की जागा गेली तर भाडेकरूला जास्त त्रास की नाही मिळाली तर मालकाला जास्त. म्हणून लोकांना वाटतं जितके गरीब दिसू तितकं बरं. पण हे ठरतं उत्पन्नावर, दुसरी जागा आहे का यावर, घरात माणसं किती यावर, म्हणजे पुराव्यावर. मी वकिलीत नवीन असताना अशाच एका दाव्यात भाडेकरू मुद्दाम कॉलर फाटलेला शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला, आणि मनगटावरचं घड्याळ काढायला विसरला. समोरचे वकील जुने खोड. शर्टबद्दल चकार शब्द नाही, नुसतं विचारलं, घड्याळ छान आहे, कुठून घेतलं? मुलाने पाठवलं. मुलगा कुठे असतो? दुबईला. किती वर्षं झाली? झालं, मुलाची कमाई, त्याने कल्याणला घेतलेला फ्लॅट, सगळं रेकॉर्डवर आलं. घरी शर्ट फाडत बसण्यापेक्षा वकिलाला फ्लॅटबद्दल आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वडिलांना रोजचाच लेंगा-शर्ट घालू दे, फक्त धुतलेला, इस्त्रीचा. उलटतपासणीत माणूस तसाही गांगरतो, त्यात अंगावर कपडे ओळखीचे असले तर तेवढाच धीर. टोपी राहू दे. मी आजवर कोणा म्हाताऱ्याला टोपी काढायला लावलेली पाहिलेली नाही, कोणी सांगितलंच तर काढतील. चष्मा मात्र वाचायचा घ्या, सही दाखवून ही तुमचीच का असं विचारतात. आणि पावसाळ्यात तारीख पडली तर एक कोरडा शर्ट पिशवीत ठेवा, मरीन लाइन्सपासून कोर्टापर्यंत माणूस नखशिखांत भिजतो.

प्रश्न : माझी ग्राहक आयोगातली सुनावणी व्हिडिओवर आहे, घरूनच. मग तर काही प्रश्न नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे की! 2020 च्या एप्रिलमध्ये राजस्थान हायकोर्टात एक वकीलसाहेब चक्क बनियनवर व्हिडिओला आले आणि जामिनाची सुनावणी पुढे ढकलली गेली, जामीन मागणारा बिचारा आतच. तेव्हा कॉलरचा शर्ट घाला, बारीक चौकडा नको, कॅमेऱ्यात तो नाचतो. मागे वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत ना ते बघा. आणि खालीही पँट घाला, कपाटातून एखादा कागद आणायला उठायची वेळ येतेच.