पिवळा रॅस वाळूत शिरलाय, उकरू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहतो. वर्षभरापासून घरी ४ बाय दीड बाय दीड फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि थोडे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आहेत. परवा मुंबईहून पिवळाधमक कोरिस रॅस हा मासा आणला. पाण्यात सोडल्या सोडल्या तो वाळूत घुसला, तो अजून दिसलेला नाही. दुकानदार म्हणतो, मेला असेल, काढून टाका. वाळू उकरून बघू का? आणखी दोन-तीन रंगीत रॅस ठेवायचे आहेत, ते कोणते घ्यावेत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उकरू नका. तो बहुधा जिवंत आहे आणि झोपलाय. हा मासा रोज रात्री वाळूतच झोपतो आणि घाबरला की दिवसाही तिथेच शिरतो. तुमचा मासा पिशवीत बसून घाट चढून आलाय, त्याआधी विमानानेही आला असणार. पूर्व इंडोनेशियातून आला असेल, तर आपल्याकडे दुपारचे ३ वाजतात तेव्हा त्याच्या अंगात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तुम्ही कामावरून येऊन दिवा लावून बघता, तोवर त्याची रात्र कधीच सुरू झालेली असते. सकाळी लवकर बघा. माझ्या गंगापूर रोडच्या घरी मी सकाळचा चहा टँकसमोरच घेते. आधी वाळूचा एक ठिपका हलतो, मग टोकदार तोंड वर येतं, आणि बाकी अंग आतच ठेवून दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत राहतात. मग एकदम झटका देऊन सगळा मासा बाहेर! नवा मासा आठवडाभर दिसला नाही तरी मी वाळूला हात लावत नाही. पाण्यातला अमोनिया मात्र रोज तपासा, मेलेला मासा कुजला की तो वाढतो. तो वाढला किंवा सगळे हर्मिट क्रॅब एकाच जागी गोळा झाले, तरच संशय घ्या.

तुमची वाळू कोणती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खरी काळजी तिचीच आहे. बारीक अ‍ॅरॅगोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची) वाळू दोन-तीन इंच असेल तर उत्तम. प्रवाळाचा जाड चुरा असेल तर आत शिरताना माशाचं अंग खरवडतं आणि त्या जखमा चिघळतात. सगळा टँक उपसायची गरज नाही. फ्रीजमधला पसरट चौकोनी डबा बारीक वाळूने भरून एका कोपऱ्यात ठेवा, मासा आपोआप तिथे जायला लागेल. गोदावरीची किंवा बांधकामाची वाळू मात्र कितीही धुतली तरी नको.

आता नवे मासे. रंग बघण्याआधी, हा झोपतो कुठे आणि मोठा किती होतो, एवढं विचारा. फेअरी आणि फ्लॅशर हे रॅसचे प्रकार वाळूत जात नाहीत, ते खडकाच्या फटीत झोपतात. फेअरी रॅस तर रात्री स्वतःभोवती चिकट, पारदर्शक पिशवी तयार करतो. सकाळी तिचे तुकडे पाण्यात तरंगताना दिसतील, ती बुरशी नव्हे. तुमच्या टँकमध्ये साधारण २५० लिटर पाणी आहे. त्यात एक फेअरी नर आणि त्याच जातीची एखादी मादी छान राहील. मादी सोबत असली की नर पंख ताणून रंग उजळवून दाखवतो, एकटा राहिला तर कधीकधी फिका पडतो. रॅसमध्ये मादीचा नर होऊ शकतो, उलट सहसा होत नाही, म्हणून दोन नर एकत्र घेऊ नका.

सिक्सलाइन रॅस बोटाएवढाच असतो, पण टँक आपला समजतो आणि नंतर आलेल्यांना हुसकावतो. घ्यायचाच असेल तर सगळ्यांच्या शेवटी घ्या. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं कोरिसचं पिल्लू (तुमच्या पिवळ्याचं नव्हे, दुसऱ्या जातीचं) फार गोड दिसतं, पण ते फूटभरापेक्षा मोठं होऊन खडक उलथतं आणि तुमची कोळंबी खाऊन टाकतं. क्लीनर रॅस तर कुणीच घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या चार माशांवर त्याचं पोट भरत नाही, आणि बहुतेक हळूहळू उपाशी मरतात.

रॅससाठी जिवंत प्रवाळ लागत नाही, फटी असलेला खडक पुरतो. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा विकणारा काहीही म्हणाला तरी घेऊ नका.

झाकण नसेल तर आजच करा. रॅस दचकला की सरळ वर उडी मारतो, आणि दिवा अचानक बंद झाला की हमखास दचकतो. आपल्याकडे वीज जाते तेव्हा नेमकं हेच होतं. काचेच्या झाकणाने उन्हाळ्यात पाणी तापतं, म्हणून चौकटीला ६ मिलिमीटरची पारदर्शक जाळी लावा. वायर जाते ती फटही बुजवा, मासे तिथूनच निसटतात. एप्रिल-मेमध्ये जाळीवर पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं. ती भर साध्या आरओच्या पाण्याने करा, मिठाच्या पाण्याने नाही. घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश राहू द्या. डिसेंबरातल्या आपल्या थंडीत हीटर लागेलच.

पुढचा मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. मायसिस ही बारीक कोळंबी टाकल्यावर जो लगेच झेपावतो तोच घ्या. पोट आत गेलेला रॅस कितीही सुंदर असला, कितीही स्वस्त दिला, तरी घेऊ नका. घरी आणल्यावर दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं द्या. हे मासे दिवसभर टिपत फिरणारे आहेत, एका वेळच्या खाण्यावर ते उतरत जातात.