ड्रिल मशीनवर सरळ आटे : टॅपिंग जिगबद्दल तुमचे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीतून एकांनी विचारलंय : "माझ्याकडे १३ मिमी चकची छोटी बेंच ड्रिल आहे. भोक सरळ पडते पण हाताने टॅप मारला की वाकडाच जाऊन राहिला. घरीच काही जिग बनते का?"

बनते भाऊ, आणि एकदम सोपी बनते. टॅप, म्हणजे भोकात आतून आटे पाडायचं हत्यार, वाकडा होतो तो पहिल्या दोन-तीन आट्यांतच, नंतर तुम्ही सरळ करायला गेलात तर तो सरळ होत नाही, मोडतो. म्हणून जिगचं, म्हणजे हत्यार सरळ धरून ठेवणाऱ्या साधनाचं, काम एवढंच की सुरुवातीला टॅपचं डोकं वरून सेंटरमध्ये धरून ठेवायचं. जोर तुमच्या हाताचाच हवा, कारण टॅप जड चालला की ते हातालाच आधी कळतं.

२० मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळी) घ्या, एक टोक चकमध्ये धरायला लेथवर १२ मिमी टर्न करा, दुसऱ्या टोकातून ८ मिमीचं खोल भोक. त्यात सैल न होता सरकणारी पिन, मागे नरम स्प्रिंग, आणि पिन खाली पडू नये म्हणून तिच्या अंगावर लांब खाच पाडून बाजूने एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). पिनेचं एक टोक ६० डिग्रीला टोकदार, दुसऱ्या टोकाला सेंटर ड्रिलने खळगी. दोन्ही लागतात, कारण मोठ्या टॅपला मागे सेंटरचं भोक असतं आणि बारीक टॅपला बरेचदा उलट टोकच असतं. स्प्रिंग कडक घेऊ नका, तिने टॅप दाबायचा नाहीये.

आता खरी गोम पुढेच आहे. ड्रिल काढून जिग लावायला जागा पुरत नाही म्हणून लोक टेबल खाली घेतात, आणि गोल खांबाच्या मशीनवर टेबल हललं की सेंटर गेलंच समजा, मग जिग असून काही फायदा नाही. त्यामुळे टेबल आधीच असं लावा की ड्रिल जॉबला (ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्याला) लागेल तेव्हा लिव्हर निम्म्याहून जास्त खाली आलेला असेल. भोक पडल्यावर स्पिंडल वर गेला की टॅप, हँडल आणि जिग सगळं त्या जागेत बसतं, वाइस सैल करायचाच नाही. माझ्या मते जिग बनवण्याआधी ही सवय लावा.

वाडीहून : "जिग कशाला, टॅप सरळ चकमध्ये धरून, प्लग काढून चकच हाताने फिरवला तर?"

चालतं, एम ६, एम ८ (६ मिमी, ८ मिमीचे आटे) पर्यंत मीपण सांगतो करा म्हणून. फक्त बेल्ट सैल करा नाहीतर मोटरही फिरवत बसाल, आणि लिव्हरवर हात ठेवा कारण रिटर्न स्प्रिंग टॅपला सतत वर ओढते, त्यात पहिले आटे खरवडले जातात. टॅपची दांडी कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे चकमध्ये स्लिप होतेच, तसं झालं की पुढचं हँडलने मारा.

बुटीबोरीहून : "मोटरला रिव्हर्स स्विच लावून मशीननेच टॅप मारता येईल का? रोज भरपूर प्लेटा असतात."

छोट्या बेंच ड्रिलवर नको, अगदी मनापासून सांगतो. खालचा स्पीड ४८० आरपीएम धरला तरी एम ६ चा टॅप, म्हणजे १ मिमी पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर), सेकंदाला ८ मिमी खाली जातो, बंद भोकात तळ यायला दोन सेकंदही लागत नाहीत. शिवाय सिंगल फेज मोटर चालू असताना उलटी फिरत नाही, पूर्ण थांबवूनच रिव्हर्स द्यावा लागतो, तोवर टॅप मोडलेला असतो. प्लेटा भरपूर असतील तर वेगळा हाताचा स्टँड बनवा, जाड प्लेटचा बेस, उभा खांब, आडव्या हातात एकमेकांपासून लांब दोन रीम केलेले (आतून नेमक्या मापाला गुळगुळीत केलेले) बुश, त्यातून सरकणारा ग्राइंड केलेला शाफ्ट, खाली टॅपची पकड आणि वर आडवा दांडा. बुश जवळजवळ ठेवले तर शाफ्ट डुलतो, मग सगळी मेहनत वाया. भंगारातल्या ड्रिल मशीनचा खांब मिळाला तर अर्धं काम झालंच.

कामठीहून : "जिग लावूनही एम ६ चे टॅप मोडतात, काहून?"

भोक किती मिमीचं पाडता ते लिहिलं नाही तुम्ही. साधा हिशोब, टॅपच्या साइजमधून पिच वजा करा : एम ५ ला ४.२, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५. ४.८ चं ड्रिल हाताशी आहे म्हणून तेच मारलं तर जिग काय करणार. अर्धा-एक फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चिप तुटते. एमएसला (माइल्ड स्टील, साधं लोखंड) कटिंग ऑइल, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल चांगलं, पण मे महिन्यात आपल्या टिनाच्या शेडमध्ये ते लवकर उडतं, दर भोकाला परत टाका.

आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये मोडलेला टॅप छिन्नीने ठोकू नका, तुरटीच्या गरम दाट पाण्यात जॉब बुडवून ठेवा, स्टील हळूहळू विरघळतं आणि अ‍ॅल्युमिनियम तसंच राहतं. एमएसमध्ये मोडला असेल तर हे चालणार नाही, तो स्पार्कवाल्याकडेच (विजेच्या ठिणगीने धातू झिजवणारं मशीन असलेल्याकडे) न्या.