आधी ताट विचार

चि. पोरी,

परवा फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. आपल्या बोर्डिंगच्या स्मरणिकेसाठी चौदा माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा केल्यास. एक म्हणतो सुपरिटेंडेंट देवमाणूस होते, दुसरा म्हणतो त्यांच्या छडीच्या आवाजाने अजून रात्री जाग येते. "काका, खरं कोण बोलतंय?" दोघंही. दोन्ही छाप, शेजारीशेजारी छाप, आणि तो विषय डोक्यातून काढ. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. तू त्यांना विचारलंस काय, तर "बोर्डिंगने तुम्हाला काय दिलं?" आणि असं विचारलं की माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहतो. शिस्त, स्वावलंबन, संस्कार. चौदातल्या अकरा टिपणांत हेच तीन शब्द आहेत, मी मोजले.

ताट विचार. आधी ताट विचार, मग बाकीचं.

ताटात काय होतं? भाकरी कुणी थापली? पंगतीत डाव्या हाताला कोण बसायचं? ताट घासायला राख कुठून आणायचात? पाऊणशे वर्षांचा माणूससुद्धा संस्कारांवर बोलताना आठवून आठवून बोलतो, पण आमटीवर आला की धबधबा सुरू होतो. आमच्यातला एक जण मोठा इंजिनिअर होऊन निवृत्त झाला. तासभर माझ्याशी शिस्तीवर बोलला, मी जांभया दाबत होतो. मग विचारलं, "अर्धी भाकरी पेटीत ठेवायचास, ती कुणासाठी रे?" गडी गप्प. नंतर म्हणाला, धाकटा भाऊ गावाकडून चालत भेटायला यायचा, त्याच्यासाठी. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

मी आठवीत आलो ते १९७२ साली. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आई तिथे खायला मिळणारी सुकडी घरी आणायची. बोर्डिंगात आम्हाला मिलो. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी, पिठाला विरी म्हणजे चिकटपणा असा नाहीच. मावशी आधणाचं पाणी घालून मळायच्या, तरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असत. आमटीतली डाळ शोधायला पोहता यावं लागे, हा विनोद प्रत्येक तुकडीला आपणच केला असं वाटतं. चुलीसमोर अख्खी हयात काढलेल्या त्या मावशींना मात्र स्मरणिकेसाठी आजवर कुणी दोन ओळी विचारल्या नाहीत. त्या आता नाहीत. तुमच्या मुलींच्या वसतिगृहातल्या काकू अजून आहेत ना? मग चौदा साहेबांच्या आधी त्यांच्याकडे जा. आणि त्या 'कोरड्यास' म्हणाल्या तर तू 'भाजी' लिहू नकोस. लिहिलंस तर मी वाचणार नाही.

तुला वाटेल म्हातारा खाण्यावरच अडून बसलाय. बसलोय, कारण आपल्याकडच्या बोर्डिंगांची गोष्टच मुळात चुलीपाशी सुरू होते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहं उभी केली, ती बहुतेक समाजवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली घेऊन. १९२७मध्ये गांधीजींनी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. आपलं बोर्डिंग भाऊरावांच्या संस्थेचं नव्हे, पण तीच गोष्ट सांगत सांगत उभं राहिलेलं. म्हणून आपला प्रत्येक माजी विद्यार्थी छाती फुगवून म्हणतो, "आम्ही सगळे एका पंगतीत जेवायचो."

खरं आहे, जेवायचो. तू तिथे थांबू नकोस. पाणी कोण वाढायचं ते विचार.

आता हे ऐक. १९९७ साली आपल्या बोर्डिंगची स्मरणिका निघाली, संपादक मी. माझ्या वर्गातल्या एकाने चार पानं लिहून पाठवली. अक्षर टपोरं, शाई निळी. तिसऱ्या पानावर होतं: तीन वर्षांत मला लाकडं फोडायची पाळी आली, झाडलोटीची आली, उष्टी ताटं उचलायची आली. पाणी वाढायची एकदाही आली नाही. एवढंच. कुणाला शिवी नाही, कुणाचं नाव नाही. मी तो परिच्छेद काढला. त्याला सांगितलं, जागा नव्हती. त्याच पानावर खताच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. तो फोनवर "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर कधी मेळाव्याला आला नाही, आणि २००९मध्ये गेलाच. ती चार पानं छापखान्यातून मी परत आणली नाहीत.

पाळ्यांचा तक्ता कोण करायचं, हे तू विचारलं नाहीस. नववी-दहावीला भोजनमंत्री, म्हणजे जेवणाची व्यवस्था बघणारा पोरगा, मीच होतो. १९७५ची, नव्या दहावीची पहिली तुकडी आमची, तेव्हा मंत्रिपदाचाही फार तोरा. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आधीच्या मंत्र्याचा तक्ता मी उतरवून घेतला, नावं तेवढी बदलली. आणि त्या वर्गमित्राचे खांदे दणकट होते, लाकडाला तो लागायचाच. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय कळतं? संपादक झालो तेव्हाही देणगीदार समोर बसलेले, सोहळा चार दिवसांवर, अशा वेळी कुणीही...

बघ, सुरू झालं माझं. हे असं बोलायला लागलेला माणूस तुला चौदात किमान चार वेळा भेटेल. त्याच्या "कुणीही"पाशी मान डोलवू नकोस. पुन्हा ताटावर आण. पाळी कुणाची होती, तांब्या कुणाच्या हातात होता, तक्ता कुठल्या भिंतीवर लावायचे.

आणि भेटायला जाताना छापील प्रश्नावली नेऊ नकोस, कागद दिसला की माणसं शुद्ध बोलायला लागतात. पत्र्याची पेटी अजून कुणाच्या माळ्यावर असेल तर ती खाली काढायला सांग. झाकण उघडलं की विचारायची गरज पडत नाही.

माझं टिपण तू दोनदा मागितलंस. लिहून पाठवणार नाही. मी लिहायला बसलो की संपादक होतो. रविवारी ये, अकरानंतर, त्याआधी आमच्याकडे वीज नसते. समोर बसव आणि पाण्याचं विचार. मी मिलोवर घसरेन, दुष्काळावर घसरेन, भाऊरावांवर तर नक्कीच. मला बोलू दे. चहा झाला की पुन्हा विचार.

तुझा,
काका

ता. क. त्या वर्गमित्राच्या मुलीचा पत्ता मला मिळालाय. जायचं अजून जमलेलं नाही. तू आलीस की दोघं जाऊ.