गेलेला दिवस उद्या वसूल करायचा का?

‘एवढी तयारी केली आणि ऐन दिवशी सगळं पाण्यात गेलं. आता तोच दिवस डोक्यात फिरत राहतो, झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडे परीक्षा देणारी मुलं आणतात, मुलाखतीत गडबडलेले आणतात, गाण्याच्या स्पर्धेत नेमका आवाज बसलेलेही आणतात. उत्तर देताना मला हल्ली पॅराग्लायडिंग करणारी एक तिशीतली पुणेकर आठवते. तिला विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

ती कामशेतला उडायला शिकलेली. नोकरीतली रजा साठवून हिमाचलमधल्या बीरला क्रॉस-कंट्री स्पर्धेसाठी गेली होती. बिलिंगचं टेक-ऑफ साधारण २४०० मीटरवर आणि बीरचं उतरायचं मैदान त्याच्या हजारेक मीटर खाली. रोज एक टास्क मिळतो. नकाशावरचे ठरलेले टर्नपॉइंट क्रमाने गाठत गोलपर्यंत, म्हणजे शेवटच्या ठिकाणापर्यंत पोहोचायचं, तेही शक्य तितक्या लवकर. इंजिन नाहीच. उन्हाने तापलेल्या उतारावरून वर चढणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, शोधायचा, त्यात घिरट्या घेत उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढच्या डोंगरापर्यंत तरंगत जायचं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे सगळं तिनेच समजावलं, आणि समजावताना ती पहिल्यांदा जरा शांत झाली.

त्या दिवशी टेक-ऑफवर वारा आडवा झाला आणि तिला रांगेत ताटकळावं लागलं. स्टार्ट उघडला, म्हणजे शर्यत सुरू झाली, तेव्हा आघाडीचा थवा तिच्या बराच वर होता. मागे पडायचं नाही म्हणून ती त्यांच्यामागोमाग निघाली. डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर एक मवाळ थर्मल मिळाला होता, पण तो तिने अर्ध्यात सोडला. तेवढ्यात उंचावरचे पातळ ढग उन्हावर आले, पुढचा डोंगर सावलीत गेला आणि तिथली हवा मेली. वर असलेल्यांनी तो पट्टा कसाबसा ओलांडला. तिचा व्हॅरिओ, म्हणजे चढतोय की उतरतोय हे सुराने सांगणारं यंत्र, मात्र खाली जात असल्याचा रडका सूर धरून बसला. चौदा किलोमीटरवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात ती उतरली. पाठीवर वीसेक किलोचं बोचकं घेऊन रस्त्याकडे चालत असताना ऊन परत पडलं, आणि जे मागे थांबले होते ते त्याच सोंडेवरून, तिच्या डोक्यावरून, आरामात वर चढत गेले.

प्रत्येकाच्या उड्डाणाच्या वाटेची आणि उंचीची यंत्रावर नोंद होते, तिला ट्रॅकलॉग म्हणतात. रात्री व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “ताई, सगळ्यांचे ट्रॅकलॉग एकत्र लावून पाहिले. वीस मिनिटं थांबले असते तर गोलला असते. इतकं साधं मला दिसलं नाही? माझी लायकीच नाही.” त्याआधी नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. “जाऊ दे गं, उद्या उडशील,” म्हणाला बिचारा. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

मी धीर दिला नाही. अशा वेळी ‘तू छानच उडतेस’ म्हणणारा माणूस समोरच्याला परका वाटतो. मी तिला तोच ट्रॅकलॉग पुन्हा लावायला सांगितला, पण तिने थर्मल सोडला त्या क्षणापर्यंतच, आणि फक्त स्वतःचा. “तेव्हा ढग कुठे होता? पुढच्यांना काय मिळत होतं?” ती आठवून सांगू लागली. पुढचे दोघे चढताना दिसत होते. पातळ ढग पश्चिमेला होता, पण तो इतक्या झटकन येईल असं वाटलं नव्हतं. थर्मल क्षीण होता. म्हणजे निर्णय घाईचा होता, पण वेडेपणाचा नव्हता. घाई तिची होती आणि ती मान्य करायला तिला जड गेलं नाही. ढगाची वेळ तिची नव्हती.

निकाल कळल्यावर तो आधीपासून दिसत होता असं वाटणं हा मनाचा जुना खेळ आहे. १९७५ साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या लढाईची माहिती वाचायला दिली. वेगवेगळ्या गटांना निकालही वेगवेगळे सांगितले. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून संभवनीय वाटला. तिचं तेच चाललं होतं. रात्री अकराला मिळालेली माहिती ती दुपारी एकच्या स्वतःवर लादत होती.

मला खरी काळजी मात्र वेगळ्या वाक्याची वाटली. “उद्या मी सगळ्यात पुढे जाणार, आजचं भरून काढते.” परीक्षेवाला असं म्हणाला तर फार तर रात्र जागेल. डोंगरात, अनोळखी हवेत, वसुलीच्या नादात केलेला निर्णय महागात पडतो. म्हणून उद्याची उंची आणि उद्याचा वारा आजच ठरवायला लावला. किती उंची असल्याशिवाय पुढची सोंड सोडायची नाही, टेक-ऑफवर वारा कसा असेल तर रांगेतून बाहेर पडायचं. आकडे तिचे, मी फक्त लिहून घ्यायला सांगितले. हवेत असताना ठरवायचं नाही, एवढीच अट.

बोलता बोलता तिने सांगितलं, अनेक मोठ्या स्पर्धांच्या गुणपद्धतीत वाईट दिवसाचं ओझं एकूण निकालावर कमी पडावं अशी तरतूद असते. दिवसच सगळ्यांना जड गेला तर त्या दिवसाच्या गुणांचं वजनही घटतं. मी विचारलं, “मग हे तुला माहीत असून?” ती हसली. “माहीत असणं वेगळं हो ताई.” खरं आहे. माझ्या खुर्चीत बसूनही ते वेगळंच असतं.

दुसऱ्या दिवशी ती गोलला पोहोचली नाही, पण लिहून ठेवलेल्या उंचीखाली एकदाही सोंड सोडली नाही. चिडचिड चार-पाच दिवस राहिली. ती घालवायची घाई मी केली नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस वर्षभराची रजा साठवतो, ती हुकल्यावर चिडणं आजार नव्हे. झोप, जेवण, काम आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलंच राहिलं, किंवा ‘मी कशाचीच लायक नाही’ हे खेळाबाहेरच्या गोष्टींनाही चिकटायला लागलं, तर मात्र वेळ न घालवता समुपदेशकाला भेटा.

नवऱ्याने नंतर मला विचारलं, “मग मी बोलायचं काय?” मी म्हटलं, समजूत घालू नका, विचारा. कुठून निघालीस, पहिला थर्मल कुठे मिळाला, ढग कधी आला. आता तो इतकं विचारतो की तीच म्हणते, पुरे.