कॅटेकिझम, संथा आणि मुलाने विचारलेला प्रश्न

वसईच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात: "आमच्याकडे मुले रविवारी मिस्सा झाल्यावर कॅटेकिझमला बसतात. यंदा वर्गाचा फलक नव्याने रंगवायचा आहे आणि तो मराठीत हवा असे ठरले. कोणी 'धर्मशिक्षण' म्हणते, कोणी 'प्रश्नोत्तरी'. कॅटेकिझम म्हणजे प्रश्नोत्तरेच ना? हा शब्द बायबलात सापडतो, की पुढे युरोपात कोणी काढला?"

ताई, शब्द बायबलातलाच आहे, पण त्याचा मूळ अर्थ प्रश्नोत्तरे असा नाही. प्रश्नोत्तरे त्याला पुढे येऊन चिकटली. आणि ती जिथून आली असावीत, तिकडे गेले की आपण ग्रीक सोडून हिब्रूत पोचतो, चर्च सोडून घराच्या ओसरीवर पोचतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ग्रीक. मूळ क्रियापद आहे 'कातेखेओ'. त्यात 'काता' म्हणजे वरून खाली आणि 'एखोस' म्हणजे आवाज, नाद. डोंगरात हाक मारल्यावर परत येतो त्या 'एको'शी हा शब्द सख्खा. तेव्हा 'कातेखेओ' म्हणजे कानावर घालणे, कानात घुमवणे आणि त्यावरून तोंडी शिकवणे. पुस्तक नाही, पाटी नाही. सांगणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान, एवढाच त्याचा सरंजाम.

नव्या करारात हे क्रियापद मोजक्याच ठिकाणी येते, पण ती ठिकाणे मोलाची आहेत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिलाला सांगतो की, तुला ज्या गोष्टी शिकवल्या गेल्या त्यांचा पक्केपणा तुला कळावा म्हणून मी हे लिहितो आहे. तिथे 'शिकवल्या गेल्या' याला हेच क्रियापद आहे. म्हणजे थियफिलाने ते सारे आधी कानांनी घेतले होते, लेखन मागून आले. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात म्हणतो, मंडळीत अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा दुसऱ्यांना शिकवण्यासाठी समजून-उमजून पाच शब्द बोललेले मला बरे. तिथेही तेच. गलतीकरांच्या पत्रात शिकणारा आणि शिकवणारा अशी जोडीच येते, आणि तिथल्या 'शिकणारा' या रूपावरून बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला 'कॅटेक्युमेन' म्हणू लागले.

पण मला सर्वांत बोलके वाटते ते रोमकरांच्या पत्रातले दुसऱ्या अध्यायाचे अठरावे वचन. तिथे पौल यहुदी माणसाशी बोलतो आहे आणि त्याचे वर्णन 'नियमशास्त्रातून शिकलेला' असे करतो. शब्द तोच, 'कातेखेओ'. ज्या शब्दावर पुढे सगळ्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे नाव उभे राहिले, तो पौल इथे बिनदिक्कत यहुदी घरातल्या शिक्षणाला लावतो. नवी पद्धत काढली असे त्याच्या मनातही नव्हते. तो स्वतः गमलिएल या यहुदी गुरूच्या पायांशी बसून शिकलेला. तिमथ्याला बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक आहे असे लिहिताना त्याच्यासमोर त्या मुलाची आजी लोईस आणि आई युनीके होत्या, आणि शास्त्र म्हणजे अर्थातच हिब्रू बायबल, जुना करार.

आता 'नियमशास्त्र' या शब्दाविषयी थोडे, कारण इथे भाषांतराने बरेच काही झाकले आहे. मूळ शब्द 'तोरा'. त्याचा धातू नेम धरून फेकण्याचा, बाण सोडण्याचा. त्यावरून दिशा दाखवणे, वळण लावणे. शिक्षकाला हिब्रूत 'मोरे' म्हणतात तो याच धातूवरून. तेव्हा 'तोरा' म्हणजे आधी शिकवण. अलेक्झांड्रियाच्या ग्रीक भाषांतरकारांनी तिला 'नोमोस' केले, म्हणजे कायदा, आणि तीच वाट धरून मराठीत 'नियमशास्त्र' आले. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात बापाच्या बोधाबरोबर 'आईची तोरा' सोडू नको असे मूळ हिब्रूत आहे. आईचे नियमशास्त्र असे कोणी म्हणणार नाही. तिथे शब्दाचा मूळ रंग दिसतो.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यहुदी शिक्षणाचा गाभा आहे. 'हे इस्राएला, श्रवण कर' ही 'शेमा' प्रार्थना तिथलीच. 'शेमा' म्हणजेच ऐक. लगेच पुढे आज्ञा येते की या गोष्टी घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता मुलांशी बोलत जा, आणि त्या मुलांच्या 'मनावर बिंबव'. 'बिंबव' हा सुंदर मराठी शब्द आहे, पण प्रतिमा आपली आहे, आरशाची. हिब्रूत तिथे 'शिन्नेन' हे क्रियापद आहे आणि त्याचा धातू धार लावण्याचा आहे. दाताला हिब्रूत 'शेन' म्हणतात. पोरांच्या मनात वचने परजून ठेव, असे काहीसे ते आहे. तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, या शब्दावर जी टिप्पणी आहे ती वाचून मी थांबलोच होतो: तोराची वचने तुझ्या तोंडी अशी धारदार असू देत की कोणी काही विचारले तर चाचरू नकोस, तत्काळ सांग. 'कोणी विचारले तर' हे तीन शब्द ध्यानात ठेवा.

(याच घराण्यातला आणखी एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही. शिष्याला हिब्रूत 'तल्मीद' म्हणतात, धातू 'लामद', शिकणे. त्याच धातूचा 'मल्मद' म्हणजे बैलाला टोचायची पराणी. शास्ते या पुस्तकात शमगार ती घेऊन लढतो. आपला 'शिष्य' शासनाच्या 'शास्' धातूवरून आलेला. दोन्हीकडे शिकणाऱ्याला थोडे टोचणे आलेच.)

तर 'कातेखेओ'ला मराठीत सर्वांत जवळचे काय? अर्थाने विचाराल तर 'संथा'. गुरूने म्हणायचे, शिष्याने ते जसेच्या तसे पुन्हा म्हणायचे, स्वर चुकला तर तिथेच थांबून पुन्हा. माझ्या आजोबांनी मला लहानपणी संथा दिली आहे. पहाटे ओसरीवर घोंगडीवर बसायचे. ते एकदा म्हणत, मी दोनदा म्हणायचे. अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता. आवाज तेवढा कानात राहिला, तो आजही निघत नाही. यहुद्यांच्या तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह तो 'मिश्ना', हा शब्दही पुन्हा म्हणण्याच्या धातूवरूनच आला आहे. पुस्तक होण्याआधी पिढ्यान्पिढ्या तो तोंडी म्हटला गेला. 'कातेखेओ', 'मिश्ना', 'संथा' ही तिन्ही कानाची माणसे. 'घोकणे' हा शब्दही जवळचा, पण घोकंपट्टीने त्याची पत घालवली.

आता प्रश्नोत्तरांकडे. वल्हांडण म्हणजे मिसरातल्या दास्यातून सुटल्याचा यहुदी सण. त्या रात्री काय करायचे हे जुन्या करारातले 'निर्गम' हे पुस्तक सांगते, तेव्हा त्यात एक वाक्य असे येते: तुमची मुले तुम्हांला विचारतील की या विधीचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. पुढच्याच अध्यायात पुन्हा 'त्या दिवशी तू आपल्या मुलाला सांग' असे येते. या 'सांग'चे हिब्रू क्रियापद घेऊन त्या रात्री वाचायच्या पुस्तिकेचे नाव पडले 'हगादा', म्हणजे सांगणे. प्रश्न तिथे विधीतच गुंफलेला आहे, आणि विचारणारा आहे घरातला लहान.

ठाण्याला माझ्या एका यहुदी शाळासोबत्याच्या घरी मी हे पाहिले आहे. पांढरी चादर अंथरलेले टेबल, बेखमीर भाकरी, कडू भाजी, मिठाचे पाणी. घरातली सात-आठ वर्षांची मुलगी उभी राहिली आणि तिने हिब्रूत म्हटले, इतर सगळ्या रात्रींहून ही रात्र वेगळी का? तिचा आवाज थोडा कापत होता. आजोबांनी उत्तर सुरू केले, आधी हिब्रूत आणि मग मराठीत, तिच्याकडे बघत. आम्ही मिसरात फारोचे दास होतो. 'आम्ही' म्हणाले ते, 'आपले पूर्वज' नाही. हगाद्यात चार मुलांचे वर्णन येते: शहाणा, दुष्ट, साधाभोळा, आणि चौथा ज्याला विचारताच येत नाही. या चौथ्यासाठी सूचना एवढीच आहे की तू त्याच्यासाठी सुरुवात करून दे. शिक्षणशास्त्रावर मी बरेच वाचले आहे, पण न बोलणाऱ्या मुलासाठी याहून चांगली सूचना मला कुठे मिळालेली नाही.

लूकच्या दुसऱ्या अध्यायातला बारा वर्षांचा येशू याच चालीत बसतो. वल्हांडणासाठी यरुशलेमेला गेलेला हा मुलगा मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न करतो आहे. आधी ऐकणे, मग विचारणे, आणि मग त्याच्या उत्तरांनी लोक थक्क होतात. बायबलात येशूच्या शिक्षणाचे एवढेच एक दृश्य आहे.

ज्यांना बाप नव्हता त्यांचे काय? तालमुद सांगतो की पूर्वी बाप असलेला मुलगा शिके आणि नसलेला मागे राही. मग यहोशुआ बेन गमला या महायाजकाने, मंदिराच्या शेवटच्या वर्षांत, गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे बसवण्याची व्यवस्था केली. एका शिक्षकामागे पंचवीस मुले, चाळीस झाली तर मदतनीस द्यावा, असा हिशेबही पुढे तिथे दिला आहे. ताई, तुमच्या वर्गात किती आहेत?

आरंभीच्या चर्चने यातले ऐकणे जवळजवळ जसेच्या तसे उचलले. चौथ्या शतकात यरुशलेमेत बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना बिशप उपवासकाळात रोज तासन्‌तास उत्पत्तीपासून शास्त्र समजावून सांगत असे. पण प्रश्नोत्तरांची पुस्तिका म्हणून 'कॅटेकिझम' घरोघरी पोचला तो सोळाव्या शतकात. जर्मन धर्मसुधारक लूथरचा छोटा कॅटेकिझम 1529 चा. त्यात प्रत्येक आज्ञेनंतर 'याचा अर्थ काय?' असा प्रश्न येतो, आणि कुटुंबप्रमुखाने घरच्यांना हे शिकवावे असे त्याने लिहिले आहे. निर्गमातल्या मुलाचाच प्रश्न हा! पण वर्गात तो मोठ्यांच्या तोंडी गेला. विचारणार गुरू आणि पाठ केलेले उत्तर देणार मूल. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथातल्या मुलांना 107 प्रश्नांची अशी पुस्तिका तोंडपाठ करावी लागे. यात वाईट काही आहे असे मी म्हणत नाही, पाठांतराचा मी ऋणी आहे. मात्र प्रश्नाची दिशा फिरली, एवढे शब्दाचा माग काढताना नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडे आधी हा शब्द ग्रीक रूपात आला नाही, पोर्तुगीज 'दौत्रीना' आला, म्हणजे शिकवण. गोव्यात त्याचे झाले 'दोतोर्न' आणि आजही तिथे मुले दोतोर्नाला जातात. फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात आला तेव्हा रस्त्याने घंटा वाजवत मुलांना दौत्रीनेला गोळा करत असे. कानावर घालण्याची सुरुवात घंटेनेच झाली म्हणायची. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले ते मराठी ओव्यांत. त्याचीच कोकणी दौत्रीन, त्याच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये आली. ती मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात रचलेली आहे.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो ते. कोकणातले यहुदी म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्याकडे शतकानुशतके हिब्रू ग्रंथ नव्हते. बाकी प्रार्थना विसरल्या. उरली ती 'शेमा', आणि ती प्रत्येक बऱ्यावाईट प्रसंगी म्हणत राहिले. 'मुलांच्या मनावर बिंबव' या आज्ञेचा असा अनुभव दुसरीकडे क्वचितच मिळेल: लेखी काही नाही, शाळा नाही, अर्थही पुसट झालेला, आणि तरी आवाज उरला. 1829 मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये हिब्रू व्याकरणाचे मराठी पुस्तक काढले आणि मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले हिब्रू शिकू लागली. ख्रिस्ती धर्मशिक्षणाने यहुद्यांकडून जे घेतले होते, त्यातले काही अशा रीतीने मराठीच्या हातून परत गेले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे खरे, पण ही मुले बहुसंख्येने यहुदीच राहिली. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला आणि 1874 मध्ये पुण्याला आणखी एक निघाला. पुण्याच्या हगाद्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रे आहेत आणि त्या बायका साड्या नेसलेल्या आहेत.

आता फलक. 'प्रश्नोत्तरी' नको, कारण तो पुस्तकाच्या एका घाटाचा शब्द आहे, वर्गाचा नव्हे. कॅथलिक चर्चचा 1992 चा मोठा कॅटेकिझमसुद्धा प्रश्नोत्तरांत नाही. 2005 मध्ये त्याचा जो संक्षेप निघाला तो मात्र 598 प्रश्नोत्तरांचा आहे, त्याला 'प्रश्नोत्तरी' शोभेल. 'संथा' अर्थाने अचूक असला तरी कानाला वेदपाठशाळेचा लागतो, तेव्हा तो समजून घेण्यापुरता ठेवा. फलकावर 'धर्मशिक्षण वर्ग' लिहा, सगळ्यांना कळते. बोलताना मुले 'कॅटेकिझमला चाललो' म्हणतात ते म्हणू द्या, तो शब्द आता मराठी झाला आहे. आणि जमले तर वर्गातला एखादा रविवार असा ठेवा की त्या दिवशी प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे.