वाचकांचे प्रश्न : खाऊगल्लीची संध्याकाळ

प्रश्न : आम्ही सहा मित्रमैत्रिणी शनिवारी घाटकोपरच्या खाऊगल्लीत जाणार आहोत. मागच्या खेपेला पहिल्या दोन गाड्यांवरच पोट भरलं, बाकीची गल्ली नुसती बघून परतलो. काय चुकलं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सहा जणांनी सहा प्लेट मागवल्या असणार. खाऊगल्लीत प्लेटचा हिशोब माणशी करायचा नाही. एका पदार्थाची एक किंवा दोनच प्लेट घ्यायची आणि सगळ्यांनी त्यातलं खायचं. शेवपुरीच्या प्लेटमध्ये साधारण सहा पुऱ्या असतात, म्हणजे तुम्हाला एकच प्लेट पुरते. जिनी डोसा, म्हणजे भाज्या, शेजवान चटणी आणि चीज घातलेला डोसा, कापून त्याचे चार ते सहा उभे रोल करतात, तर दोन डोसे मागवा. पावभाजी एक प्लेट आणि वर दोन जोडी पाव. पाणीपुरीला मात्र आधी सांगावं लागतं: ‘एक प्लेट, दोघांत.’ एकदा पुऱ्या हातात पडायला लागल्या की मोजणी बिघडते.

क्रमही महत्त्वाचा आहे. शनिवारी आठनंतर डोशाच्या गाडीवर चांगलीच वाट बघावी लागते, म्हणून पोचल्याबरोबर पहिली ऑर्डर डोशाची द्या. एकाने तिथे थांबावं, बाकीच्यांनी शेजारून शेवपुरी आणावी. आंबट-तिखट चाट आधी खाल्लं की भूक उघडते. चीज-बटर आधी पोटात गेलं तर पुढचं काही नकोसं होतं. पावभाजी डोशानंतर, गोड सगळ्यांत शेवटी. मधेमधे कोल्ड्रिंक घेऊ नका, वायूने पोट फुगतं आणि निम्मी गल्ली हुकते.

ही गल्ली म्हणजे घाटकोपर पूर्वेची वल्लभबाग लेन. मेट्रोने आलात तर पुलावरून पूर्वेला उतरा. साडेसहाला पोचलात तर तवे तापलेले असतात आणि उभं राहायला जागाही मिळते. चीज, जादा बटर, जादा पाव यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात, ते आधीच विचारा. दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये माणसं राहतात. फाटकाला टेकून, कुणाच्या स्कूटरवर प्लेट ठेवून खाऊ नका. उष्ट्या प्लेट गाडीजवळच्या डब्यातच टाका.

प्रश्न : आमच्या गटातली एक मैत्रीण जैन आहे. ‘जैन मिळेल’ अशी पाटी असली म्हणजे पुरे ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पुरे नाही. घाटकोपरला जैन प्रकार सहज मिळतात, पण पाटी फक्त सारणाबद्दल सांगते. पहिला प्रश्न तव्याचा. डोसा घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून तो पुसतात आणि कित्येक ठिकाणी तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवतात. त्याच तव्यावर आधीच्या डोशाचा कांदाही परतलेला असतो. म्हणून ‘जैनसाठी तवा आणि उलथणं वेगळं आहे का?’ असं स्पष्ट विचारा. शेजवान चटणीत लसूण असतोच. शेवपुरीची लाल चटणी बहुधा लसणाची असते. पाणीपुरीच्या हिरव्या पाण्यात आलं असू शकतं आणि तेही कंदमूळच. सांबारात कांदा असतो. बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं घालतात, पाणीपुरीत उकडलेले मूग किंवा चणे चालतात. केळ्याची भाजी बटाट्यापेक्षा लवकर कोरडी पडते, त्यामुळे जैन पावभाजी ताजी घोटलेलीच मागा.

आणखी एक गोष्ट तिलाच विचारून घ्या: ती चौविहार पाळते का? पाळत असेल तर सूर्यास्तानंतर ती खाणार नाही. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीला सव्वासातच्या पुढे. म्हणजे हिवाळ्यात घाटकोपरला जाऊन तिला उपाशी उभं करण्यापेक्षा मुंबादेवी मंदिराजवळची झवेरी बाजारची खाऊगल्ली बरी. ती बाजाराबरोबर दिवसा चालते. मध्य रेल्वेचं मस्जिद किंवा पश्चिम रेल्वेचं मरीन लाइन्स स्टेशन गाठा. रविवारी मात्र बाजार बंद असतो, तेव्हा जाऊ नका.

तिथे गेलात तर तांदळाच्या पिठाचा खिचिया पापड नक्की खा. निखाऱ्यावर भाजून त्यावर तूप, चटणी, टोमॅटो, शेव घालतात. टोमॅटो-चटणीच्या ओलाव्याने तो दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो, तेव्हा फोटो नंतर. दोघांतिघांत एक घ्या आणि हातात पडताच मोडा.

प्रश्न : जिनी डोसा घरी केला की मधे चिखल होतो आणि कडा करपतात. खाऊगल्लीसारखा का होत नाही?
— एक वाचक, दादर

उत्तर : तव्यामुळे. गाडीवरचा तवा जाडजूड असतो, त्यावर ओल्या भाज्या पडल्या तरी तो गार होत नाही, पाणी लगेच उडतं. घरचा पातळ तवा भाज्या पडताच थंडावतो, टोमॅटोचं पाणी डोशात मुरतं आणि गॅस वाढवला की कडा जळतात. उपाय असा की भाज्या डोशावर शिजवायच्याच नाहीत.

एका मोठ्या डोशासाठी तीन मोठे चमचे बारीक चिरलेला कोबी, दोन चमचे सिमला मिरची, दोन चमचे कांदा आणि बिया काढलेला अर्धा टोमॅटो घ्या. वेगळ्या कढईत चमचाभर बटरवर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. त्यात एक मोठा चमचा शेजवान चटणी, एक छोटा चमचा टोमॅटो सॉस, अर्धा छोटा चमचा पावभाजी मसाला घालून मॅशरने जरासं दाबा. मीठ घालू नका. बटर, चीज, चटणी आणि पीठ चारही खारट असतात, शिवाय मिठाने भाज्यांना पाणी सुटतं.

पीठ तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ आणि छोटा चमचा मेथ्यांचं, नीट आंबलेलं हवं. बिडाचा तवा तापला की पाणी शिंपडून पुसा. तवा फार गरम असेल तर पीठ पसरण्याऐवजी डावाला चिकटून गोळा होतं, म्हणूनच गाडीवाले दर डोशाआधी पाणी मारून तो झाडूने लोटतात. नॉनस्टिकवर तर पीठ गॅस बारीक करूनच पसरा. पीठ पसरलं की आच मध्यम ठेवा. वरची बाजू पूर्ण कोरडी दिसेपर्यंत काही लावू नका. ओल्यावर बटर फासलं की पीठ उलथण्याबरोबर उचललं जातं. मग बटर, त्यावर सारणाचा पातळ थर कडेपासून बोटभर आत, आणि खालची बाजू तांबूस झाली की किसलेल्या चीजचा एक क्यूब. अर्ध्या मिनिटाने उतरवा, चार पट्ट्या कापून गुंडाळा. चीज आधी घातलं तर त्याचं तूप सुटतं आणि डोसा ओशट होतो.

प्रश्न : पावसाळ्यात खाऊगल्लीत जावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जा, पण तव्यावरचं खा. वाफाळता डोसा, उकळती भाजी, कढईतून निघालेली भजी यांचा धोका कमी. धोका न शिजवलेल्यात असतो: पाणीपुरीचं पाणी, हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा, बर्फ. हातमोजे बघून निर्धास्त होऊ नका, त्याच हातमोज्याने सुटे पैसे घेतले जात नाहीत ना ते बघा. पाण्याच्या भांड्याला झाकण आणि लांब दांड्याचा डाव नसेल तर पुढे चला. महाराष्ट्रात 2018पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. निळसर बर्फ दिसला तर सरबत घेऊच नका. बर्फ पांढरा दिसला म्हणून तो स्वच्छ पाण्याचाच असेल असं नाही, शंका आली तर बिनबर्फाचं मागा.

प्रश्न : घरच्यांसाठी काय बांधून न्यावं?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : भाजी न्या, पाव घरी बटरवर भाजा. शेवपुरीच्या पुऱ्या, शेव आणि चटण्या वेगवेगळ्या बांधून मागा. डोसा नेऊ नका, स्टेशन गाठेपर्यंत तो वाफेने चामट होतो.