कचरा ही तर नंतरची गोष्ट

"अवकाशातल्या कचऱ्याबद्दल वाचतो, पण माणसाने पृथ्वीभोवतालच्या अवकाशात आणखी काही बदललंय का?" असं तुम्ही विचारलंय.

बदललंय, आणि फार आधीच. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावरून क्षेपणास्त्र सोडलं आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला. चाचणीचं नाव 'स्टारफिश प्राइम'. तिथून १,४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे गेले. पण खरा उत्पात वर झाला. स्फोटातून निघालेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि तिथेच घिरट्या घालू लागले. निसर्गाचे व्हॅन ॲलन पट्टे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांची वलयं, एक आतलं, एक बाहेरचं) सापडून जेमतेम चार वर्षं झाली होती, तेवढ्यात आपण स्वतःचा एक पट्टा तयार केलासुद्धा! तो काही वर्षं टिकला.

दुसऱ्याच दिवशी 'टेलस्टार' हा दळणवळण उपग्रह वर गेला, म्हणजे थेट त्या माऱ्यात. नोव्हेंबरात तो जमिनीवरून आलेल्या आज्ञा घेईना. अभियंत्यांनी खटपट करून जानेवारीत त्याला पुन्हा बोलता केला, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गप्प झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह 'एरियल १' सुद्धा याच किरणोत्सर्गाने जायबंदी झाला. सोव्हिएत रशियानेही त्या काळात अशाच चाचण्या केल्या. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर हा उद्योग थांबला.

दुसरा बदल मात्र कुणी ठरवून केलेला नाही. पाण्याखालच्या पाणबुड्यांना निरोप द्यायला अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी वापरतात, कारण त्या समुद्रात थोड्या खोलवर शिरतात. त्यातल्या काही वरही निसटतात आणि पृथ्वीभोवती त्यांचा एक बुडबुडाच तयार झालाय. 'व्हॅन ॲलन प्रोब्स' या उपग्रहांच्या नोंदींत दिसलं की या बुडबुड्याची बाहेरची कड आणि बाहेरच्या व्हॅन ॲलन पट्ट्याची आतली कड जवळपास एकाच जागी येतात. १९६० च्या दशकात, अशी प्रक्षेपणं कमी असताना, तीच कड पृथ्वीच्या बरीच जवळ होती. या लहरींनीच तिला मागे रेटलं असावं, असा अंदाज आहे.

मला यातली गंमत वाटते ती पुढची. लहरी जर घातक कणांना हुसकावत असतील, तर मुद्दाम सोडून पट्टा साफ करता येईल का? हे तपासायला अमेरिकी हवाई दलाने २०१९ मध्ये 'डीएसएक्स' नावाचा उपग्रह सोडला. त्यावर लहरी सोडायला ८० मीटर लांबीचा अँटेना होता.